मोहल्ला कमिटीच्या बैठकीला येताय? आधी हे वाचा : वाहतूक, बस आणि गल्लीच्या तक्रारींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोहल्ला कमिटीच्या बैठकीतून बाहेर पडताना लोक जिन्यात जे विचारतात, ते आत विचारत नाहीत. गेली काही वर्षं या बैठकांना जाता जाता जिन्यातले ते प्रश्न मी वहीत टिपत आलो. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे इथे उतरवले आहेत. सगळं पुण्याबद्दल आहे. उत्तरं एका बसकराची आहेत, महापालिकेची नाहीत. बसकर म्हणजे मागच्या खुर्चीवर बसून ऐकणारा.

वॉर्ड ऑफिसातली ‘मोहल्ला कमिटी’ म्हणजे नेमकं काय?

पुणे महापालिकेची १५ क्षेत्रीय कार्यालयं आहेत. महिन्यातून एकदा सहायक आयुक्तांनी (लोकांच्या तोंडी ते अजून ‘वॉर्ड ऑफिसर’च) रस्ता, पाणी, ड्रेनेज, अतिक्रमण, आरोग्य अशा खात्यांची माणसं घेऊन नागरिकांसमोर बसायचं, ती ही बैठक. मुंबईकडून आलेल्यांचा नावावरून घोळ होतो. १९९२-९३च्या दंगलींनंतर मुंबईत ज्या मोहल्ला कमिट्या उभ्या राहिल्या, त्या दोन समाज आणि पोलिस यांना एका सतरंजीवर आणण्यासाठी होत्या. आमच्याकडे सतरंजी नाही, प्लॅस्टिकच्या खुर्च्या आहेत, आणि विषय खड्डे, कचरा नि डबल पार्किंग. मुंबईत याच्या जवळचं काही शोधायचं तर १९९०च्या दशकात सुरू झालेले ‘एएलएम’ (ॲडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट) हे गल्लीतल्या रहिवाशांचे गट पाहावेत.

तिला कायद्याचा आधार आहे का?

प्रभाग समितीला आहे. ७४वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये अमलात आली, तेव्हापासून ३ लाख किंवा त्याहून अधिक वस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या आवश्यक ठरल्या. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २९अ प्रमाणे तिच्यात नगरसेवक, क्षेत्रीय अधिकारी आणि स्वयंसेवी संस्थांचे जास्तीत जास्त तीन प्रतिनिधी असतात. त्याच्याही खाली, गावच्या ग्रामसभेसारखी शहरात ‘क्षेत्र सभा’ असावी, अशी दुरुस्ती २००९ मध्ये राज्याने केली. तुमच्या भागात क्षेत्र सभा शेवटची कधी भरली ते आठवून पाहा. मी आठवतोय अजून.

मोहल्ला कमिटी मात्र प्रशासनाच्या प्रथेवर चालते. ती ठराव करू शकत नाही, पैसे मंजूर करू शकत नाही. तरीही मी तिथे जातो, कारण एकाच खोलीत पाच खात्यांचे अभियंते बसलेले असतात आणि ‘ते दुसऱ्या विभागाचं आहे’ हे वाक्य दुसऱ्या विभागाच्या माणसासमोर म्हणावं लागतं. एवढ्यानेच निम्मी गंमत होते.

मी भाड्याने राहतो. मतदारयादीत नाव गावाकडे आहे. बोलता येईल?

खुशाल बोला. दारात कुणी ओळखपत्र मागत नाही.

खड्ड्याची तक्रार बैठकीत मांडू की पालिकेच्या ॲपवर टाकू?

ॲपवर. आणि आजच. एका खड्ड्यासाठी महिनाभर बैठकीची वाट पाहायची नसते. फोटो काढा, ठिकाण टाका, तक्रार क्रमांक जपून ठेवा. बैठकीत यायचं ते पुढच्या पायरीला, म्हणजे तक्रार ‘निकाली’ दाखवली आणि खड्डा मात्र जागच्या जागी असेल तेव्हा. किंवा तोच खड्डा दर पावसाळ्यात त्याच ठिकाणी उगवत असेल तेव्हा. तो खड्डा नसतोच मुळी; खालून पाणी मुरत असतं. ड्रेनेजचं झाकण खचलेलं असतं, नाही तर पावसाळी गटाराचा चढ उलटा असतो. असं दुखणं पथ विभाग एकटा बरं करू शकत नाही. हा खरा बैठकीचा विषय.

‘हा रस्ता आमच्याकडे येत नाही’ असं सांगतात. मग येतो कुणाकडे?

या एका प्रश्नावर पुण्यातल्या नागरिकांची वर्षं गेली आहेत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

महापालिकेच्या आतच पहिली वाटणी आहे. १२ मीटरपर्यंत रुंदीचे रस्ते क्षेत्रीय कार्यालयाकडे, त्याहून रुंद रस्ते मुख्य पथ विभागाकडे. त्यामुळे गल्लीतून हमरस्त्याला लागताना, तुमच्या चपलेखालचं खातं बदललेलं असतं. तोंडावरचा तो दोन हात तुकडा, जिथे गल्ली आणि हमरस्ता मिळतात, तो नेहमी उखडलेला का असतो हे यावरून कळेल.

दुसरी वाटणी शहराच्या कडेला. कात्रज-देहूरोड बाह्यवळण हा राष्ट्रीय महामार्ग. नवले पुलाचा उतार, वारज्याचे सेवा रस्ते यांवर काही मागायचं तर राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा संबंध येतो. पुणे आणि खडकी कटक मंडळांच्या (कॅन्टोन्मेंटच्या) हद्दीत तिसराच मालक. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं पालिकेत आली, तिथले जुने रस्ते कधी जिल्हा परिषदेचे, कधी सार्वजनिक बांधकाम खात्याचे, काहींचे तर कागदच सापडत नाहीत. आणि बऱ्याच सोसायट्यांचे अंतर्गत रस्ते खासगी असतात, ताब्यातच दिलेले नसतात. तिथे पालिका डांबर टाकणार नाही, मग तुम्ही कितीही मिळकतकर भरत असा.

तेव्हा बैठकीआधी एक काम करा. रस्त्याची रुंदी विकास आराखड्यात किती आहे आणि तो कुणाच्या ताब्यात आहे, हे कनिष्ठ अभियंत्याला विचारून कागदावर लिहून घ्या. ‘जेई’ हा या सगळ्या यंत्रणेतला सर्वांत उपयोगी माणूस. तो रोज रस्त्यावर असतो. त्याच्यावर ओरडणाऱ्यांचं मला नेहमी आश्चर्य वाटतं.

आमच्या गल्लीत गतिरोधक हवा आहे. अर्ज कुणाला?

अर्ज पथ विभागाला, प्रत वाहतूक पोलिसांना. पण थांबा, आधी आमची गोष्ट ऐका.

आमच्या गल्लीतून मुलं सुसाट गाड्या नेत. आम्ही सह्या गोळा केल्या, तीन बैठका लावून धरलं, आणि एका सकाळी उठून पाहतो तो गतिरोधक हजर. रात्रीतून, उरलेल्या डांबराचा, टेकडीसारखा. पांढरे पट्टे नाहीत, पाटी नाही. आठवड्याभरात स्कूटरवर मागे बसलेल्या एक आजी उडून पडल्या, मनगट मोडलं. तो काढायला आम्हाला बसवण्यापेक्षा दुप्पट बैठका लागल्या.

इंडियन रोड्स काँग्रेसचं माप आहे: गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मध्यभागी १० सेंटिमीटर उंच, म्हणजे २५ किलोमीटर वेगाने गाडी अलगद वर चढून उतरते. लांबलचक, सपाटसर. आपल्याकडे बसवतात ते अरुंद नि उंच, त्याने वेग कमी होत नाही, कंबर मोडते. अर्जात हे माप लिहा, पट्टे आणि आगाऊ सूचनेची पाटी लिहा. आणि खरंच गतिरोधकच हवा का तेही विचारा. आमच्याकडे शेवटी कोपऱ्यावरची वळणाची गोलाई कमी केल्यावर वेग उतरला. वळण तंग झालं की ब्रेक आपोआप लागतो.

वन-वे किंवा नो पार्किंग कोण ठरवतं? नगरसेवक?

नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११५, ११६ वगैरेंखाली वाहतूक शाखेचे पोलिस उपायुक्त आदेश काढतात. पालिका फक्त पाट्या आणि पट्टे लावते. बहुतेक आदेश आधी ‘प्रायोगिक तत्त्वावर’ निघतात आणि नागरिकांकडून हरकती व सूचना मागवतात. ही बातमी वर्तमानपत्राच्या आतल्या पानात चार ओळींत येते. तेवढी वाचत जा. मुदतीत आलेली तीन नीट लिहिलेली पत्रं, मुदतीनंतरच्या मोर्च्याहून भारी पडताना मी पाहिली आहेत.

पत्रात ‘आमची गैरसोय होते’ एवढंच लिहू नका. त्याने काही होत नाही, कारण प्रत्येक वन-वे कुणाची तरी गैरसोय करतोच. रुग्णालयात जाणारी रुग्णवाहिका किती लांबून येईल, शाळेची गाडी कुठे वळेल, बसचा थांबा कुठे सरकेल, हे लिहा.

दुतर्फा गाड्या लागतात. अग्निशमनचा बंब आत येणार नाही. काय करावं?

सम-विषम तारखांचं पार्किंग मागा, म्हणजे पी-१, पी-२. त्याने एक बाजू तरी मोकळी राहते. पेठांत हे फार जुनं आहे.

पण सरळच सांगतो, बैठकीत पार्किंगबद्दल सर्वांत जोरात बोलणाऱ्याच्या घरी बहुधा दोन चारचाकी असतात आणि सोसायटीतल्या एका जागेत एकच मावते. दुसरी गाडी रस्त्यावर, म्हणजे सार्वजनिक जागेवर, फुकट. २०१८ मध्ये पालिकेच्या मुख्य सभेने पार्किंग धोरण मोजक्या रस्त्यांपुरतं मंजूर केलं होतं. पैसे द्यावे लागणार म्हटल्यावर सगळे पक्ष आणि सगळ्या गल्ल्या एक झाल्या. अशी एकी पुण्यात गणेशोत्सवाच्या मिरवणुकीतही दिसत नाही.

बस वाढवा अशी मागणी तीन बैठकांत केली. काहीच होत नाही.

कारण तुम्ही चुकीच्या खोलीत बोलत होता. पीएमपीएमएल ही महापालिकेचं खातं नाही, कंपनी आहे. पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी एकत्र करून ती २००७ मध्ये झाली, त्यात पुणे पालिकेचा वाटा ६० टक्के आणि पिंपरी-चिंचवडचा ४० टक्के. वॉर्ड ऑफिसातला अभियंता बसबद्दल मान डोलावण्यापलीकडे काही करू शकत नाही. सहायक आयुक्तांना आधी पत्र देऊन तुमच्या मार्गाच्या आगाराच्या व्यवस्थापकांना बैठकीला बोलवायला सांगा. आले तर अर्धं काम झालं. नाही आले तर तेही इतिवृत्तात लिहून घ्या.

आम्हीही ‘बस वाढवा’च म्हणत होतो. मग आमच्यातल्या एका निवृत्त कारकुनाने डोकं लढवलं: सकाळी आठ ते दहा थांब्यावर उभं राहून कोणती बस किती वाजता आली आणि किती माणसं खाली राहिली, हे दोघांनी लिहून काढायचं. दोन सकाळी पुरल्या. वेळापत्रकातल्या जवळपास सगळ्या बस येत होत्या. पण येत होत्या जोडीने, एकीच्या पाठीला दुसरी चिकटून, आणि मग बराच वेळ काही नाही. का, तर अलीकडच्या चौकात मिठाईच्या दुकानासमोर दुहेरी गाड्या लागत आणि पहिली बस तिथे अडकली की मागची तिला गाठे. आमचा बसचा प्रश्न पार्किंगचा निघाला. मग आम्ही बस मागणं सोडलं आणि तेवढ्या पट्ट्यात सकाळी नो पार्किंग मागितलं. पत्राला तो तक्ता जोडला. चौकातल्या मामांना आता सकाळी तिथे शिट्टी वाजवताना पाहतो तेव्हा बरं वाटतं. रोज नसतात, पण असतात.

तिकीट वाढल्यापासून आमच्या कामवाल्या मावशी चालत येतात. याचा बैठकीशी काय संबंध?

फार जवळचा. १ जून २०२५ पासून पीएमपीचं किमान तिकीट ५ वरून १० रुपये झालं आणि दैनिक पास ४० वरून ७० रुपये. लांब जाणाऱ्याला १० रुपयांत ५ किलोमीटर मिळतात, तो फार कुरकुरत नाही. दोन थांबे जाणाऱ्याचं तिकीट मात्र थेट दुप्पट झालं. दोन थांबे बसने कोण जातं? धुणंभांडी करणाऱ्या बायका, गुडघे दुखणारे आजोबा, दप्तरवाली मुलं. त्यातले धडधाकट आता चालतात. म्हणजे भाडेवाढीनंतर त्या बायकांच्या वाटेवरचा फुटपाथ हाच त्यांचा बसमार्ग झाला. तेव्हा फुटपाथचा विषय ‘सुशोभीकरणा’खाली येऊ देऊ नका, वाहतुकीखाली घ्या.

फुटपाथ आहे, पण चालता येत नाही.

मोजा. टेप घेऊन जा. चालण्यासाठी मोकळी रुंदी किमान १.८ मीटर हवी आणि फुटपाथची उंची रस्त्यापासून १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, असं इंडियन रोड्स काँग्रेसचं मार्गदर्शन आहे. पालिकेचं स्वतःचं पादचारी धोरणही २०१६ चं आहे, आणि ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्ता गाड्यांना बंद करून पादचारी दिन साजरा होतो. वर्षातला तो एक दिवस फार सुंदर असतो. बाकीच्या दिवसांसाठी टेप.

आडवं काय येतं त्याची यादी केलीत तर चकित व्हाल. आमच्या यादीत पथारीवाले चौथ्या क्रमांकावर निघाले. त्यांच्या आधी वीज आणि टेलिफोनचे डीपी बॉक्स, दुकानांच्या पायऱ्या नि उतार, आणि फुटपाथवर चढवलेल्या दुचाकी. पण बैठकीत ‘अतिक्रमण’ हा शब्द उच्चारला की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर भाजीवालीच येते. तिला उठवणं सोपं असतं म्हणून. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने तिला हक्क दिला आहे. शहराच्या फेरीवाला समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेतेच असावे लागतात. जागा आखून द्या ही मागणी कायद्यात बसते, हाकला ही बसत नाही.

मेट्रो आली. मग आमचा चौक मोकळा का होत नाही?

मार्च २०२२ मध्ये वनाज-गरवारे आणि पिंपरी-फुगेवाडी असे तुकडे सुरू झाले, २०२४ मध्ये एक मार्ग रामवाडीपर्यंत आणि दुसरा स्वारगेटपर्यंत पोहोचला. स्टेशनपर्यंत चालत पोहोचता आलं तर लोक जातात, नाही तर गाडीच काढतात आणि चौक तसाच राहतो. बैठकीत विचारायचं ते एवढंच: आपल्या गल्लीपासून स्टेशनच्या जिन्यापर्यंत अखंड फुटपाथ आणि एक तरी सुरक्षित ओलांडणी आहे का?

नागरिकांना अंदाजपत्रकात कामं सुचवता येतात म्हणे?

येतात, २००६ पासून. साधारण ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास क्षेत्रीय कार्यालयात अर्ज घेतात, एका कामाची मर्यादा ५ लाख रुपयांची ठेवलेली असते. ५ लाखांत पूल होत नाही. पण बसथांब्याचं शेड, वळणावरचा आरसा, झेब्रा पट्टे, फुटपाथच्या टोकाला व्हीलचेअरसाठी उतार एवढं नक्की होतं. ‘परिसर विकसित करणे’ असं गोलगोल लिहू नका, त्या पैशांत बाकडी येतात. बाकड्यांवर ‘सौजन्याने’ कुणाचं नाव येतं ते तुम्हाला माहीत आहे. काम, ठिकाण, माप लिहा.

आणि काम अंदाजपत्रकात आलं म्हणून निश्चिंत होऊ नका. वर्षाच्या शेवटी वर्गीकरण नावाचा प्रकार असतो: एका कामाचे पैसे दुसरीकडे वळवतात. जानेवारीपर्यंत पूर्वगणनपत्रक, म्हणजे कामाच्या खर्चाचा अंदाज, झालं नसेल तर काळजी करायची वेळ आली. शिवाय खोदाईची परवानगी एप्रिलअखेर थांबते, त्यानंतरची मंजुरी पुढच्या दिवाळीलाच उपयोगी.

मधली काही वर्षं नगरसेवकच नव्हते. तेव्हा बैठकांना अर्थ होता का?

मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि मग जवळपास चार वर्षं प्रशासकांचा कारभार होता. त्या काळात मोहल्ला कमिटीला उलट गर्दी वाढली, कारण दुसरं दारच नव्हतं. गैरसोय मोठी होती, ‘स’ यादी नव्हती, म्हणजे माननीयांच्या (नगरसेवकांच्या) निधीतून होणारी छोटी कामं अडली. पण त्या काळात लोक खातं, क्रमांक, रुंदी असं बोलायला शिकले. फोन करून ‘भाऊ, बघा ना जरा’ म्हणायची सोय उरली नव्हती.

आमच्या बोलण्याची नोंद होते का?

होते, जर तुम्ही ती करून घेतली तर. तोंडी बोललेलं हवेत जातं. प्रश्न लेखी द्या, आवक क्रमांक घ्या, आणि पुढच्या बैठकीची सुरुवात मागच्या इतिवृत्ताच्या वाचनाने करा असा आग्रह धरा. इतिवृत्त मिळत नसेल तर माहिती अधिकार आहेच: १० रुपये, ३० दिवस. महाराष्ट्रात अर्जाला दीडशे शब्दांची आणि एका विषयाची मर्यादा आहे, म्हणून ‘अमुक तारखेच्या बैठकीचं इतिवृत्त व त्यावरील कार्यवाही’ एवढंच मागा. प्रस्तावना नको, प्रस्तावनेतच दीडशे शब्द संपवणारे मी पाहिलेत.

रस्तारुंदीसाठी झाडं तोडणार आहेत. बैठकीत विरोध करू?

करा, पण तो पुरणार नाही. झाडावर नोटीस लागते, तिच्यावरच्या मुदतीत वृक्ष अधिकाऱ्याकडे लेखी हरकत गेली पाहिजे. मुदत दिवसांत असते, महिन्यांत नाही. रोज जाता-येता झाडाच्या बुंध्याकडे बघत चला.

बैठकीत फार भांडणं होतात. शांतपणे बोलणाऱ्याचं कुणी ऐकतं?

पहिली वीस मिनिटं ओरडणाऱ्यांची असतात, ती जाऊ द्यावीत. ते बोलून झालं की फोन कानाला लावून निघून जातात. मग खोलीत दहा-बारा माणसं उरतात, चहा येतो, आणि अभियंते वही उघडतात. आपला नंबर तेव्हा लावायचा. एका बैठकीत एकच विषय घ्यायचा.

बैठक कामाच्या दिवशी आणि कामाच्या वेळीच का असते? नोकरदार माणसाने यायचं कसं?

कारण अधिकाऱ्यांचीही ती नोकरीची वेळ आहे. पण प्रश्न बरोबर आहे. खोलीत नजर फिरवा: निवृत्त काका, सोसायटीचे चेअरमन, एखादा कार्यकर्ता, आणि माझ्यासारखे. गाडीवाले जवळपास सगळे. ज्यांच्या वाटेबद्दल चर्चा चाललेली असते, त्या बायका तोवर बसच्या दांड्याला लटकून कामावर पोहोचलेल्या असतात. शनिवारी बैठक घ्या अशी मागणी आम्ही दोनदा केली, दोनदा ती ‘वरिष्ठांकडे पाठवली’ गेली.

तोवर आम्ही एक करतो. बैठकीच्या आदल्या दिवशी सकाळी दोघं जण बसथांब्यावर जातो आणि विचारतो, उद्या तुमच्या वतीने काय सांगू? पहिल्यांदा लोक हसले. एक मावशी म्हणाल्या, ‘सांगा, थांब्यावरचा दिवा लावा, पहाटे साडेपाचला कुत्री असतात.’ आमच्या यादीत दिवा नव्हता. आमच्यातलं कुणी साडेपाचला थांब्यावर गेलंच नव्हतं. कागदावर त्यांचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं, खाली नाव त्यांनी घालू दिलं नाही, ‘एक प्रवासी’ लिहिलं. आवक क्रमांक त्यालाही मिळाला. दिवा लागला तो पुढच्या महिन्याच्या बैठकीच्या आदल्या संध्याकाळी.